रेघांचा हिशेब

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावतात ते कविता म्हणायला. आज कविता नाही. आज मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिकटवलेल्या लेबलावर बोलणार आहे. मागं कुणीतरी हसलं. हसा. पण आधी एक करा. इथं बसलेल्यांपैकी मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ इकडच्या गोडाऊनांत कोण कोण कामाला जातं किंवा जाऊन आलंय? हात वर करा. बघा, मोजा. आता हसायचं असेल तर हसा.

मी दहावी पास. सध्या न्हावा-शेव्याच्या बाजूला कंटेनर रिकामे करतो नि भरतो. त्याआधी भिवंडीकडच्या एका गोडाऊनात चौदा महिने काढले. म्हणजे मी विद्वान नाही. जे सांगणार ते हातानं केलेलं आहे, नि उरलेलं रात्री मोबाईलवर वाचून काढलेलं आहे.

सुरुवात आजापासून करतो. आजा मुंबईच्या गोदीत होता. नोंदणीतला नाही, बदलीचा. मुकादम बोलवील तेव्हा जायचं, खांद्यावर हूक, डोक्याला फडकं. अक्षराची ओळख नाही. जहाजातून माल उतरताना टॅली क्लार्क वहीत रेघा मारायचा, चार उभ्या नि पाचवी तिरकी, की झाले पाच. आजानं ते बघितलं नि उचललं. घरी आल्यावर कोळशानं खोलीच्या भिंतीवर त्या दिवसाच्या खेपा तो रेघांनी मांडायचा. पगार होईस्तोवर आजी त्या भिंतीला चुना लावू द्यायची नाही. पगाराच्या दिवशी मुकादमाचा आकडा नि भिंतीचा आकडा क्वचितच जुळायचा. मुकादम म्हणायचा, ‘तुझ्या भिंतीला कोण इच्यारतंय?’ कधी दोन खेपांचे पैसे सुटायचे, कधी नुसत्या शिव्या. पण भिंत होती.

आता गोडाऊनातल्या रेघा.

या रेघांचं मूळ अमेरिकेत आहे. फिलाडेल्फियाच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर हे दोघे होते. दुकानदाराला माल आपोआप मोजता यावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. वुडलँडला लहानपणी तारेची कट्ट-कडकट्ट भाषा येत होती, मोर्स. मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बसलेला असताना त्यानं बोटं रेतीत रोवून अंगाकडं ओढली. ठिपके नि आडव्या रेघा होत्या त्या खाली ओढल्यावर बारीक नि जाड उभ्या रेघा झाल्या. १९४९ साली दोघांनी पेटंटचा अर्ज केला, १९५२ साली पेटंट मिळालं. त्यात रेघा वर्तुळातही मांडल्या होत्या, नेमबाजीच्या निशाणासारख्या. पेटंट विकलं ते १५ हजार डॉलरला. सिल्व्हर १९६३ साली गेला. त्यानं आपल्या रेघा दुकानात चाललेल्या बघितल्याच नाहीत. आज आपण ज्या उभ्या रेघा बघतो त्यांचा घाट जॉर्ज लॉरर या आयबीएमच्या माणसानं घातला नि १९७३ साली तिथल्या किराणा धंद्यानं तो पत्करला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात पहिली वस्तू यंत्रापुढून गेली. च्युइंग गमचा पुडा, किंमत ६७ सेंट.

हे झालं दुकानाचं. दुकानाच्या मागं गोडाऊन असतं, नि गोडाऊनात आपण असतो. म्हणून लेबल वाचायला शिका.

एक लेबल घ्या. तेलाची बाटली, साबण, काहीही. रेघांखाली १३ आकडे दिसतील. पहिला सोडून बाकी प्रत्येक आकडा दोन काळ्या रेघा नि दोन पांढऱ्या फटींनी लिहिलेला असतो. आपल्याला वाटतं यंत्र काळं वाचतं. तसं नाही. यंत्र उजेड टाकतं, पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळ्यात बुडतो. परत काय आलं नि काय बुडालं, एवढंच त्याला कळतं. फटही आकडाच आहे, दोस्तहो. नि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावीच लागते. तिच्यावर टेपची काळी कड आली की यंत्र मुकं. आणखी एक गंमत. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, म्हणून पांढऱ्या कागदावर लाल रंगात छापलेल्या रेघा त्याला दिसतच नाहीत.

पहिले तीन आकडे ८९० असले म्हणजे माल भारतात बनला, असा एक मेसेज मोबाईलवर फिरत असतो. खोटं आहे. ८९० चा अर्थ इतकाच की त्या कंपनीनं तो नंबर भारतातल्या जीएसवन या संस्थेकडून घेतला. माल कुठंही बनलेला असेल. नि त्या रेघांत भाव नसतो, नाव नसतं, बनवल्याची तारीख नसते. नुसता नंबर असतो. बाकी सगळं काँप्युटरात कुणीतरी बसून भरलेलं असतं. हे ‘कुणीतरी बसून भरलेलं’ लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तेरावा आकडा पहारेकरी आहे. फळ्यावर एक नंबर लिहितो, सरळ ओळीनं येणारा, ८९०१२३४५६७८९ नि पुढं एक आकडा मोकळा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक सहा घ्या. ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. उरलेले सहा, ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पुऱ्या दहाला किती कमी? काहीच नाही. म्हणून तेरावा आकडा शून्य. पावसाळ्यात लेबल भिजतं, छपाईचं थर्मल लेबल उन्हात काळवंडतं, मग नंबर हातानं टिपावा लागतो. तेव्हा एक आकडा चुकला तर हा पहारेकरी हमखास ओरडतो. पण शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली नि त्यांच्यात पाचाचा फरक असला, म्हणजे ६१ चं १६ झालं, तर तो गप्प. पहारेकऱ्यालाही डुलकी लागते. आमच्या कंटेनरच्या नंबरातही असाच पहारेकरी असतो, चार अक्षरं, सहा आकडे नि सातवा चौकटीतला. त्याचं गणित निराळं, अकराचं.

आता गोडाऊनातली वाट सांगतो, झटपट. ट्रक लागला की माल उतरतो, त्याला इनवर्ड म्हणतात. खोकं स्कॅन, किती आले ते काँप्युटरात. मग पुटअवे, म्हणजे जागेवर लावणं. गोडाऊनातल्या प्रत्येक खणाला पत्ता असतो, कुठली गल्ली, कुठला रॅक, कितवा मजला, कुठला खण, नि त्या पत्त्याचंही लेबल असतं. आधी खण स्कॅन, मग माल स्कॅन. आता यंत्राला ठाऊक की कुठला माल कुठं आहे. ठेवणाऱ्याला आठवायची गरज नाही. पूर्वी गोडाऊनचा जुना हमाल म्हणजे गोडाऊनची आठवण असायचा, त्याच्यावाचून माल सापडायचा नाही, म्हणून मालक त्याला जरा वचकून असायचा. ती आठवण आता यंत्रात गेली. कालचा आलेला पोरगा आज काम करू शकतो. म्हणजेच आजचा उद्या काढून टाकता येतो.

मग पिकिंग. डोंबिवलीत कुणी मोबाईलवर बोट दाबलं की ऑर्डर पडते. यंत्र एकाच फेरीत दहा-वीस ऑर्डरींचा माल गोळा करायला लावतं, म्हणून ट्रॉलीत डबे असतात, डब्यांनाही लेबल. खण स्कॅन, माल स्कॅन, डबा स्कॅन. चुकीच्या खणासमोर उभा राहिलास तर गन वेगळाच आवाज काढते. हो, पोरं त्या हातातल्या स्कॅनरला गनच म्हणतात. पुढं पॅकिंग, वजन, पत्त्याचं लेबल, पिनकोडप्रमाणं ढीग, नि गाडी. हे सगळं खरंच चांगलं चालतं. चूक पकडली जाते, माल सापडतो, उगाच शोधाशोध नाही. यंत्राला शिव्या द्यायला मी उभा नाही. गन हातात पहिल्यांदा आली त्या दिवशी मला वाटलं होतं, टॅली क्लार्कची वही आज माझ्या हातात आली. आजा असता तर दाखवली असती.

आता ज्याच्यासाठी उभा राहिलो ते.

बाटलीला एक नंबर असतो, तसा बाटल्यांच्या खोक्यालाही असतो, १४ आकडी. मघाच्या बाटलीच्या पुढं १ लावला, तर पहारेकऱ्याचं गणित नव्यानं करावं लागतं नि शेवटचा शून्य जाऊन ७ येतो. १८९०१२३४५६७८९७. घाईत बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण एक म्हणतो ‘बाटली’, दुसरा म्हणतो ‘खोकं’. खोक्यात किती बाटल्या, हे रेघांत नाही. ते काँप्युटरात, मघाशी म्हणालो तसं, कुणीतरी बसून भरलेलं.

आमच्यात एक जण वयानं मोठा होता. आम्ही काका म्हणायचो. रात्रपाळीला पुटअवे करायचा. एका रात्री केसांच्या तेलाची ५० खोकी आली. काकांनी ५० स्कॅन केली, वरच्या मजल्यावर लावली. दुसऱ्या रात्री आठ खोकी खाली आणली, फोडली, बाटल्या पिकिंगच्या रॅकवर मांडल्या. सकाळी, ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी मोजदाद झाली. काँप्युटर म्हणाला, रॅकवर १९२ पाहिजेत. होत्या १६०. ३२ शॉर्ट.

आणि दोन्ही रात्री त्या मालाला हात लावणारा एकच लॉगिन. काकांचा.

यंत्र आडनाव विचारत नाही, हे खरं. पण यंत्रानं ‘शॉर्ट’ म्हटलं की माणसाची नजर आडनावावर जाते. त्या पाळीला आम्ही अकरा जण होतो. पिशव्या तिघांच्याच झाडल्या. तिघे कोण ते सांगत नाही, इथं बसलेल्यांना सांगायला नको. काकांची डब्याची पिशवी उलटी केली, कालवणाचा डबा सुपरवायझरच्या टेबलावर उघडला. ३२ बाटल्या त्या डब्यात कशा मावतील हा प्रश्न कुणाला पडला नाही. ‘काँप्युटर खोटं बोलतो का?’ सुपरवायझर म्हणाला. काका मान खाली घालून म्हणाले, ‘न्हाई सायेब, पर मी बी न्हाई बोलत.’ पैसे पगारातून कापायचे ठरलं, नि तोवर कामावर येऊ नको.

मी तेव्हा लेबलं वाचण्याच्या नादाला लागलो होतो. १९२ ला ८ नं भागलं तर २४. १६० ला ८ नं भागलं तर पुरे २०. चोर इतका नेमका असतो का? प्रत्येक खोक्यातून मोजून चार? मी फोडलेल्या खोक्यांच्या ढिगातून एक पुठ्ठा ओढला. कडेला बारीक छापलेलं, ‘२० नग’. जुनं खोकं कोपऱ्यात होतं, त्याच्यावर ‘२४ नग’. दोघांवर १४ आकडी नंबर एकच.

मी सुपरवायझरला म्हणालो, वरच्या मजल्यावर ४२ खोकी अजून बंद आहेत, कारखान्याची टेप शाबूत आहे, तुम्ही बोट ठेवा ते फोडू. त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण दहा जण बघत होते. एक फोडलं, २०. दुसरं फोडलं, २०.

कंपनीनं बाटल्या चारानं कमी केल्या नि नंबर तोच ठेवला. नियम असा आहे की खोक्यातल्या नगांची संख्या बदलली की खोक्याचा नंबर बदललाच पाहिजे. जगभर हाच नियम आहे. तो मोडला कंपनीतल्या खुर्चीनं, तपासला नाही गोडाऊनच्या खुर्चीनं, नि डबा उघडला गेला काकांचा. यंत्रानं ५० खोकी बरोबर मोजली होती. एकही चुकली नव्हती. त्यानं खोकी मोजली, बाटल्या कधी मोजल्याच नव्हत्या, फक्त २४ नं गुणलं होतं.

पैसे कापले नाहीत. घरी बसवलेले दोन दिवस भरले मात्र नाहीत. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. काका चार दिवस आले नि मग आले नाहीत. मी विचारायला घरी गेलो तर म्हणाले, ‘त्यो डबा तिनं भरला व्हता रं.’ पुढं काही बोलले नाहीत. मीही त्याच महिन्याच्या अखेरीला ते गोडाऊन सोडलं.

आता दुसरी बाजू. काका सुटले ते कशामुळं? त्याच नोंदीमुळं. कुठलं खोकं कुठल्या वेळेला कुठल्या खणात गेलं, सगळं लिहिलेलं होतं. गन मालाची रेघ मारते तेव्हाच आपलीही रेघ मारते. प्रत्येक स्कॅनमागं लॉगिन नि वेळ, सेकंदापर्यंत. दोन स्कॅनमध्ये किती वेळ गेला? लघवीला गेलास, पाणी प्यालास, पाठ धरली म्हणून रॅकला टेकलास, तर तिथं फट पडते. मघाशी म्हणालो ना, फटही आकडाच आहे. तेलाच्या खोक्याचा स्कॅन एक, नि पंचवीस किलोच्या पोत्याचा स्कॅनही एक. यंत्राला वजन कळत नाही. वेळ कळतो.

हे भिवंडीचंच दुखणं आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये लोकांच्या खासगी माहितीवर लक्ष ठेवणारी सीएनआयएल ही सरकारी संस्था आहे. तिनं डिसेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या तिथल्या गोडाऊन कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. तिथं स्कॅनरवरून कामगारांची तीन मापं काढली जात होती. आधीच्या स्कॅननंतर सव्वा सेकंदाच्या आत दुसरा स्कॅन केला, तर फार घाई. दहा मिनिटं किंवा जास्त स्कॅन नाही, तर रिकामा. नि एक ते दहा मिनिटांच्या फटीही वेगळ्या मोजायच्या. म्हणजे हळू केलं तरी नोंद, भरभर केलं तरी नोंद. कंपनीला तो निकाल मान्य नव्हता, ही गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात २०२१ साली कायदा झाला, १ जानेवारी २०२२ पासून लागू. मोठ्या गोडाऊनांनी कामगाराला कोटा लेखी सांगायचा. नि कोट्यामुळं जेवणाच्या, मुतारीच्या वेळेवर गदा येते असं वाटलं तर कामगारानं मागायचं, नि मालकानं त्याच्या मागच्या ९० दिवसांच्या वेगाची नोंद त्याला द्यायची. मुतारीचा उल्लेख कायद्यात आहे, दोस्तांनो. तिथल्या विधिमंडळात त्यावर चर्चा झाली. आपल्याकडं कुणी हा विषय काढला तर म्हणतील, हे काय बोलायचं विषय आहेत?

आपल्याकडं १९६९ चा माथाडी कायदा आहे, या महाराष्ट्रात झालेला. हमालाची नोंद मंडळाकडं, मजुरी मंडळामार्फत, म्हणजे मुकादमाच्या खिशातून नाही. पण त्या कायद्याच्या काळात ओझं पाठीवर होतं नि हिशेब वहीत होता. गन हातात असलेला पिकर हमाल आहे की कारकून? मालक त्याला दोन्ही म्हणत नाही. कंत्राटदाराकडचा ‘मुलगा’ म्हणतो.

तर मी काय करतो ते सांगतो, तुम्ही तसंच करा असं नाही. खिशात छोटी वही ठेवतो. पाळी सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. किती खोकी हाताखालून गेली. कुठलं लेबल वाचलं गेलं नाही. गन किती वेळ बंद होती, बॅटरी संपली की नेट गेलं. कारण तो वेळही आपल्याच नावावर फट म्हणून पडतो. खोक्यावरचा नगांचा आकडा नि स्क्रीनवरचा आकडा जुळला नाही तर लगेच तिथंच सुपरवायझरला सांगतो, नि सांगितल्याची वेळही लिहितो. जिथं फोन आत नेऊ देतात तिथं फोटो काढतो. नि आपला लॉगिन दुसऱ्याला देत नाही, सख्ख्या भावाला सुद्धा नाही. ‘जरा तुझ्या नावावर मार रे’ असं म्हणणारे दोस्त सगळीकडं असतात. शॉर्ट निघालं की ते दोस्त सापडत नाहीत.

एकट्याच्या वहीला कोण विचारतंय, असं सुपरवायझर म्हणेल. आजाला म्हणालेच होते. एका पाळीच्या अकरा वह्या एकदम टेबलावर आल्या तर काय म्हणतो, ते मला अजून बघायचं आहे. सध्याच्या ठिकाणी आम्ही सहा जण लिहितो.

बरं, आता ही लेबलं फिरवतो. दोन बाटलीची आहेत, एक खोक्याचं, एक रॅकवरच्या खणाचं. हातात घेऊन बघा, पुढं द्या, खिशात घालू नका. फळ्यावर आणखी एक नंबर लिहितो. ८९०७६५४३२१०१. तेरावा आकडा लिहीत नाही. एकाआड एक सहाची बेरीज, उरलेल्या सहाची बेरीज करून तिप्पट, नि मग दहाला किती कमी. कागद नसेल त्यानं भिंतीवर केलं तरी चालेल. चहा यायला अजून पाच मिनिटं आहेत.